विश्रांतीने न उतरणारा थकवा

वाचकांचे प्रश्न : स्तनाच्या कर्करोगानंतरचा थकवा आणि गटातील व्यायाम

मागील अंकात स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाविषयी लिहिले, तेव्हा मला वाटले होते की पत्रे येतील ती आजार उलटण्याच्या भीतीविषयी किंवा गोळ्यांच्या दुष्परिणामांविषयी. प्रत्यक्षात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत होती, आणि ती म्हणजे थकवा. त्यातही अनेकींना रुग्णालयातून गटाने व्यायाम करण्याचा सल्ला मिळालेला आहे आणि तो ऐकून त्या चक्रावून गेल्या आहेत. म्हणून या वेळी हा एकच विषय घेतला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. नावे अर्थातच दिलेली नाहीत. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी बरीच वर्षे अशा गटांबरोबर काम करते आहे, त्यामुळे उत्तरांत अभ्यासांबरोबर माझा अनुभवही डोकावेल.

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय ४९ आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपीच्या आठ फेऱ्या आणि रेडिएशन असे सर्व उपचार संपून चौदा महिने झाले. आता फक्त हार्मोनची गोळी चालू आहे. तपासण्या चांगल्या आहेत, असे डॉक्टर सांगतात. तरीही धुतलेले कपडे दोरीवर टाकून झाले की मला खुर्ची गाठावी लागते. रात्री आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असते. घरातील सर्व जण पडून राहा म्हणतात आणि रुग्णालयात मात्र आठवड्यातून दोनदा गटाच्या व्यायामाला या म्हणतात. जिला कपडे वाळत घालणेही झेपत नाही तिने व्यायाम करायचा तरी कसा? की हे सगळे माझ्या मनाचेच खेळ आहेत?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हे मनाचे खेळ नाहीत. कर्करोगाशी निगडित असलेला हा थकवा वैद्यकशास्त्राने स्वतंत्र त्रास म्हणून मान्य केलेला आहे आणि त्याच्या तिन्ही खुणा तुमच्या पत्रातच आहेत : केलेल्या कामाच्या मानाने तो फार मोठा असतो, झोप किंवा विश्रांती घेऊन उतरत नाही, आणि रोजच्या व्यवहारात आडवा येतो. अनेकींना त्याच्या जोडीने विसराळूपणा आणि कशातच लक्ष न लागणे हेही जाणवते. उपचार संपल्यावर बहुतेक जणींचा थकवा हळूहळू ओसरतो, परंतु साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रुग्णांत तो कित्येक वर्षे रेंगाळतो. तेव्हा चौदा महिन्यांनंतरही तुम्ही थकत असाल, तर तुमचे काही चुकले किंवा आजार परत आला असा त्याचा अर्थ आपोआप निघत नाही.

त्याचे कारण एकच असते तर उपायही एकच असता. आजार आणि उपचार या दोहोंमुळे शरीरात दाह वाढवणारी रसायने तयार होतात आणि काही जणींच्या रक्तात ती उपचारानंतरही चढी राहतात. ताप आल्यावर अंग मोडून येते तेव्हा जी रसायने काम करत असतात, त्यांच्याच कुळातली ही. केमोथेरपीने पाळी अवेळी थांबली की रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होते आणि झोप तुटते. तुमच्या आठ तासांपैकी सलग झोप किती, हे एकदा पाहा. हार्मोनच्या गोळीने सांधे दुखू शकतात. मनावरचा ताण असतोच. आणि या सगळ्यावर भर पडते ती पडून राहण्याची.

पडून राहणे किती महाग पडते, याचे एक उदाहरण मी गटात नेहमी सांगते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. तेवढ्या काळात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून थोडी अधिकच घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की तीस वर्षे वय वाढून त्यांच्या क्षमतेचे जितके नुकसान झाले नव्हते, तितके त्या तीन आठवड्यांनी केले होते. हे धडधाकट तरुणांचे झाले. केमोथेरपी घेतलेल्या आणि स्नायू आधीच झिजलेल्या शरीराचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल. थकवा येतो म्हणून आपण कमी हालचाल करतो, हालचाल कमी झाली की स्नायू आणि हृदय यांची ताकद घटते, आणि ताकद घटली की पूर्वीइतक्याच कामाला जास्त दम लागतो. घरच्यांचा सल्ला मायेचा आहे, पण तो या चक्राला आणखी गती देतो.

आता तुमच्या कपड्यांविषयी. कपडे वाळत घालणे हे हलके काम आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे, ते तसे नाही. ओले कपडे जड असतात, हात सतत खांद्याच्या वर न्यावे लागतात, आणि हातांनी केलेल्या कामात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब पायांनी केलेल्या तेवढ्याच कामापेक्षा अधिक वाढतात. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर छातीचे स्नायू आखडलेले असतील, तर प्रत्येक वेळी हात वर उचलताना तुम्ही स्वतःच्याच शरीराशी झटापट करत असता. त्यामानाने सपाट जागेवर दहा मिनिटे सावकाश चालणे सोपे आहे. कपडे झेपत नाहीत, त्याअर्थी व्यायाम झेपणार नाही, हा तुमचा निष्कर्ष म्हणूनच मला मान्य नाही.

रुग्णालयाने दिलेला सल्ला ही नवी टूम नाही. अशा रुग्णांनी विश्रांतीच घ्यावी हा समज सार्वत्रिक होता, त्या १९८० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकव्हिकर या परिचारिका-संशोधकांनी केमोथेरपी चालू असलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली स्थिर सायकल चालवायला लावली आणि त्यांची क्षमता घटण्याऐवजी वाढते असे दाखवून दिले. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१२ च्या आढाव्यात ५६ अभ्यास एकत्र पाहिले गेले आणि चालणे, सायकल यांसारख्या दमसास वाढवणाऱ्या व्यायामाने कर्करोगाशी संबंधित थकवा कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये ११३ अभ्यासांचा, म्हणजे ११,००० हून अधिक रुग्णांचा, आढावा प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम आणि मानसोपचाराच्या पद्धती या थकव्यावरच्या औषधांपेक्षा सरस ठरल्या. इतक्या सरळ शब्दांत उत्तर देता येईल असे विषय आमच्या क्षेत्रात फार थोडे आहेत.

मात्र गटात जाण्यापूर्वी एक काम करा. 'तपासण्या चांगल्या आहेत' याचा अर्थ बहुतेक वेळा कर्करोगाच्या तपासण्या चांगल्या आहेत एवढाच असतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी अलीकडे झाली आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हृदयावर परिणाम करू शकणारी औषधे तुम्हाला दिली गेली होती का, तेही विचारा आणि दिली असतील तर हृदयाची तपासणी होऊ द्या. मन सतत उदास राहत असेल तर तेही सांगा. रक्तक्षय असलेल्या बाईला नुसता व्यायाम देत बसणे म्हणजे तळाला भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणे.

त्यानंतर सुरुवात अगदी लहान करा. थकव्यासाठी जे प्रमाण सर्वसाधारणपणे सुचवले जाते ते आठवड्यातून तीन वेळा ३० मिनिटे मध्यम व्यायाम, जमल्यास त्याच्या जोडीला दोन वेळा ताकदीचा व्यायाम, आणि हे किमान १२ आठवडे. पण हे पोहोचायचे ठिकाण झाले. पहिल्या दिवशी खुर्चीतून पाच वेळा उठून बसणे आणि पाच मिनिटे चालणे एवढेही पुरते.

प्रश्न : मोबाइलवर व्यायामाचे भरपूर व्हिडिओ मिळतात. माझा स्वभाव मुळातच एकटीने राहण्याचा आहे आणि दहा बायकांसमोर हातपाय हलवायचे म्हटले की संकोच वाटतो. घरी केलेला व्यायाम आणि गटात केलेला व्यायाम यांत खरोखर काही फरक पडतो का?

उत्तर : प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, नुसत्या गटात जादू नाही. गटाने केलेला आणि एकटीने केलेला व्यायाम यांची तुलना करणाऱ्या आढाव्यात जीवनमानाच्या दृष्टीने गटाचे पारडे जड भरलेले नाही. फरक पडतो तो जाणकाराच्या देखरेखीने. देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने थकवा अधिक कमी होतो, हे अनेक अभ्यासांतील हजारो रुग्णांची माहिती एकत्र पाहिल्यावर दिसून आले आहे. प्रत्येकीला स्वतंत्र फिजिओथेरपिस्ट मिळणे कठीण असते. गटात एकाच जाणकाराची नजर आठ-दहा जणींवर राहू शकते. गटाचा पहिला उपयोग हा असा व्यवहारातला आहे.

दुसरा उपयोग टिकून राहण्याचा. स्कॉटलंडमध्ये संशोधक नॅनेट मुट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या २०३ स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांना १२ आठवडे गटाच्या व्यायामाला बोलावले गेले. एकूण जीवनमानाच्या मुख्य मोजमापात मोठा फरक पडला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. परंतु १२ मिनिटांत चालून होणारे अंतर, खांद्याची हालचाल आणि मनःस्थिती या गोष्टी सुधारल्या आणि सहा महिन्यांनंतरही त्यांचा लाभ टिकून होता. व्हिडिओ बंद केला तर कोणी विचारत नाही. गटातली खुर्ची रिकामी राहिली तर निदान फोन तरी येतो.

तुमचा संकोच मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून आमच्या गटाचा एक तास कसा जातो, तेच सांगते. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि सुरुवातीला प्रत्येकीने फक्त एक आकडा सांगायचा असतो : आजचा थकवा शून्य ते दहापैकी किती. कोणी चार म्हणते, कोणी सात म्हणते, एखादी 'आज विचारूच नका' म्हणते आणि तिचे आम्ही आठ धरतो. जिचा आकडा सात किंवा त्याहून अधिक असेल ती त्या दिवशी बसूनच व्यायाम करते आणि तोही निम्मा. मग अंग मोकळे करणे, जागच्या जागी चालणे, खुर्चीतून उठबस, रबरी पट्टा ओढणे. चालता चालता मी मुद्दाम कोणाला तरी काहीतरी विचारते, कारण मध्यम व्यायामाची साधी कसोटी अशी की बोलता यावे पण गाता येऊ नये. उत्तर तुटक येऊ लागले की तिने वेग कमी करायचा. शेवटी सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात आणि शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताची बोटे भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवत नेतात. बोटे जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने बारीकशी खूण करायची, तिच्याशेजारी तारीख लिहायची, नाव नाही. आमच्या भिंतीवर आता अशा कितीतरी खुणा झाल्या आहेत. एकीची खूण दुसरीच्या खुणेपेक्षा वीतभर खाली असते, पण तिला त्याचे काही नसते. ती आपली मागच्या महिन्याची तारीख शोधत असते.

एवढे वाचूनही नकोसे वाटले, तर पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टकडे एकट्याने शिका आणि मग घरी करा. मधूनमधून हालचाल बरोबर होते आहे ना, हे मात्र तपासून घ्या. न आवडणाऱ्या गटात तीन वेळा जाऊन बंद करण्यापेक्षा हे नक्कीच बरे.

प्रश्न : माझ्या काखेतील गाठी काढल्या आहेत. त्या वेळी मला बजावून सांगितले गेले की त्या हाताने जड काही उचलायचे नाही, नाहीतर हात सुजेल. सहा वर्षे मी हे कसोशीने पाळले. आता गटात ताई डंबेल हातात देतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर : ताईंचे ऐका. आधीचा सल्लाही काळजीपोटीच दिलेला होता, एवढे आधी नमूद करते. काखेतील लसिका ग्रंथी काढल्यानंतर साधारण दर पाच जणींपैकी एकीला हाताची कायमची सूज येते, जिला लिम्फिडीमा म्हणतात. ही सूज त्रासदायक असते आणि एकदा आली की पूर्णपणे जात नाही, म्हणून सावधगिरी म्हणून वजन उचलू नका असे सांगण्याची रीत पडली. गंमत अशी की या सांगण्यामागे प्रयोगाचा आधार फारसा नव्हता. तसे वाटत होते म्हणून तसे सांगितले जात होते.

ते तपासून पाहण्याचे धाडस पहिल्यांदा झाले ते कॅनडातील व्हँकुव्हर येथे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना एकत्र आणले आणि त्यांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवले. ही लांबलचक होडी वीस जण दोन रांगांत बसून एका तालात वल्हवतात. हात, खांदे आणि पाठ यांवर इतका सातत्याने जोर पडणारे काम शोधूनही दुसरे मिळाले नसते. आधी काही महिने व्यायामशाळेत तयारी करून घेतली गेली आणि मग त्या पाण्यात उतरल्या. त्या हंगामात एकीलाही नव्याने सूज आली नाही. आज अनेक देशांत अशा स्त्रियांचे संघ आहेत.

पण २४ स्त्रियांच्या अनुभवावर नियम बदलत नाहीत, बदलूही नयेत. अमेरिकेतील संशोधक कॅथरीन श्मिट्झ यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक काटेकोर होता. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया त्यात घेतल्या होत्या, म्हणजे ज्यांना वजन उचलू नका असे सर्वांत ठासून सांगितले जाते त्याच. त्यांच्यापैकी एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजने उचलली. सूज वाढण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा अधिक आढळले नाहीच, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग वजने उचलणाऱ्या गटात कमी घडले आणि ताकद वाढली. पुढच्याच वर्षी, सूज नसलेल्या पण धोका असलेल्या स्त्रियांवरील त्यांचा अभ्यासही याच दिशेचा निघाला. मला यातील कारणमीमांसा पटते : हात वापरलाच नाही तर तो दुबळा होतो, आणि दुबळ्या हाताने एखाद्या दिवशी नाइलाजाने पाण्याची बादली उचलावी लागली की ताण पडतो तो त्या वेळी.

यातील एक बारकावा मात्र बातम्यांत बहुधा गाळला जातो. त्या स्त्रियांनी अगदी कमी वजनापासून सुरुवात केली होती, पहिले काही महिने लहान लहान गटांत जाणकारांच्या देखरेखीखाली काढले होते, वजन थोडे थोडे वाढवले होते आणि सूज असलेल्यांनी मापाची दाब देणारी स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची घट्ट बाही, घातली होती. तुमची सहा वर्षे न वापरलेली बाजू आहे, तेव्हा पहिले दोन आठवडे डंबेल बाजूला ठेवून नुसत्या हाताने त्याच हालचाली करा. त्यानंतर अर्धा किलो. दर महिन्याला मनगट, कोपराखाली आणि कोपरावर एकाच ठराविक जागी टेपने दोन्ही हातांचा घेर मोजून वहीत लिहा. हात जड वाटणे, बांगडी किंवा बाही घट्ट होणे, कातडी ताणलेली वाटणे यांपैकी काही जाणवले तर वजन थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर ती जंतुसंसर्गाची खूण असते. त्या वेळी व्यायामाचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझी पत्नी दोन आठवड्यांपूर्वी अशा गटात जाऊ लागली. पहिल्या दिवशी फार उत्साहाने आली, घरातील राहिलेली कामेही तिने त्याच संध्याकाळी उरकली, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठू शकली नाही. दुसऱ्या वेळीही तेच झाले. मी तिला आता जाऊ नको म्हणतो आहे. माझे चुकते आहे का?

उत्तर : काळजी रास्त आहे, उपाय चुकतो आहे. तुमच्या पत्रातील महत्त्वाची गोष्ट व्यायाम नसून 'राहिलेली कामेही त्याच संध्याकाळी उरकली' ही आहे. बऱ्याच दिवसांनी अंगात जोर आल्यासारखा वाटतो, माणूस सगळा साठा एका दिवसात खर्च करतो आणि मग दोन दिवस उधारी फेडत बसतो.

अर्थात चूक गटाची असण्याचीही शक्यता आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः ती केलेली आहे. एका गटात मी सर्वांना वीस उठाबशा दिल्या आणि मोठ्याने आकडे मोजू लागले. सगळ्या जणी माझ्या आवाजाच्या मागे धावल्या. त्यातील एकीची केमोथेरपी नुकतीच संपली होती, तिला पुढचे तीन दिवस उठता आले नाही आणि ती परत आली तेव्हा म्हणाली, "बाकीच्या करत होत्या म्हणून मला थांबायची लाज वाटली." त्या दिवसापासून मी आकडे मोजणे सोडले. आता मी वेळ देते, एक मिनिट. त्या मिनिटात कोणी चार करते, कोणी पंधरा करते. पत्नीच्या गटात सर्वांना एकच संख्या दिली जात असेल तर तिने तसे स्पष्टपणे सांगावे.

व्यायाम झेपला की नाही, हे तो चालू असताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. शून्य ते दहाचा आकडा व्यायामापूर्वी, व्यायामानंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असा तीन वेळा तिने लिहून ठेवावा. सकाळचा आकडा आदल्या दिवशीच्या पहिल्या आकड्याइतकाच असेल तर प्रमाण ठीक आहे. तो दोनने किंवा अधिक वाढलेला असेल तर पुढच्या वेळी निम्मेच करावे आणि आठवडाभर तेवढ्यावरच थांबावे. हा माझ्या कामातला ठोकताळा आहे, पण तो सहसा चुकत नाही. ज्या दिवशी गट असेल त्या दिवशी घरातील जड काम, रुग्णालयातील तपासणी, पाहुणे यांपैकी काहीही ठेवू नका. दुपारी झोपायचे असल्यास अर्धा तास पुरे. अधिक झोपल्यास रात्रीची झोप मोडते.

तुम्ही करण्यासारखे एक काम आहे. गटाच्या दिवशी ती परत आल्यावर 'आता बस, राहिलेले उद्या पाहू' असे म्हणा. जाऊ नको म्हणू नका. आणि छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, ठोके अनियमित पडणे, चक्कर, एकाच पोटरीला सूज, किंवा एखाद्या हाडात नव्याने सुरू झालेले आणि रात्री वाढणारे दुखणे यांपैकी काही आढळले, तर त्याला थकव्याच्या खात्यात टाकू नका. ते डॉक्टरांना लगेच कळवा.

प्रश्न : माझी केमोथेरपी अजून चालू आहे. आत्ताच गटात जाऊ का, की सगळे संपल्यावर? आणि आजार हाडात पसरला असेल तर व्यायाम पूर्ण वर्ज्य असतो का?

उत्तर : केमोथेरपी चालू असताना व्यायाम करता येतो आणि त्याचा उपयोगही होतो, मात्र डॉक्टरांना विचारून. पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या दिवसांत गर्दीत जाऊ नये, ताप असताना तर नाहीच. तेव्हा घरातच चालावे. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी असतील तर पडण्याचा किंवा मार लागण्याचा धोका असलेले प्रकार टाळावेत. औषधांमुळे पायाच्या बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला असेल तर तोल जाऊ शकतो, म्हणून खुर्चीचा आधार सोडू नये. रेडिएशन चालू असताना क्लोरिनच्या पाण्यात पोहू नये. हाडात आजार असेल तर व्यायाम सरसकट वर्ज्य नसतो, पण कोणते हाड किती भार सोसू शकेल हे तपासून एकट्यासाठी आखलेला व्यायाम हवा. सर्वांबरोबरचा गट त्यासाठी योग्य जागा नव्हे.

प्रश्न : मी आठ महिने नियमित गटात जात होते आणि थकवा निम्म्याने उतरला होता. दोन महिन्यांपूर्वी माझ्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण गेली. तिचा आजार परत आला होता. तेव्हापासून माझे पाऊल तिकडे वळत नाही. थकवा पुन्हा पूर्वीसारखा झाला आहे. व्यायामाच्या प्रश्नांत हा प्रश्न बसतो की नाही, ठाऊक नाही.

उत्तर : बसतो, आणि तो विचारल्याबद्दल मी तुमची आभारी आहे, कारण गटाचे गोडवे गाताना आम्ही मंडळी हा भाग नेहमी वगळतो. ज्यांना एकच आजार झालेला आहे अशा माणसांच्या गटात कधी ना कधी एखादी खुर्ची कायमची रिकामी होते. एकटीने व्यायाम करणाऱ्या बाईला हे दुःख सोसावे लागत नाही. गटात येणारीला लागते. याचा काही प्रतिवाद मी करू शकत नाही.

एवढेच सांगते की तुम्हाला पुन्हा जाणवू लागलेला थकवा दोन गोष्टींचा मिळून बनलेला असावा. व्यायाम थांबल्याने गेलेली ताकद हा त्यातला एक भाग, आणि शोक हा दुसरा. शोकानेही अंग जड होते, झोप तुटते, सकाळी उठवत नाही. या दोन्ही थकव्यांच्या खुणा इतक्या सारख्या आहेत की त्यांची वेगळी मोजणी करणे मलाही जमणार नाही. पहिल्या भागासाठी गटाची वाट पाहण्याची गरज नाही. उद्यापासून घराबाहेर दहा मिनिटे चालायला लागा. दुसऱ्या भागासाठी, तिच्यामागे स्वतःचीही पाळी येईल ही भीती रात्री झोपू देत नसेल तर समुपदेशकाशी बोला. रुग्णालयात बहुधा ही सोय असते आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

गटाच्या ताईंना आधी फोन करा आणि न येण्याचे खरे कारण सांगा. बाकीच्याही त्याच कारणाने चुळबुळत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि कोणी तिचे नावच काढले नसेल तर तुमच्या फोनमुळे ते निघेल. आमच्या गटात असे झाले, तेव्हा पुढच्या वेळी आम्ही व्यायाम केलाच नाही. खुर्च्या मांडल्या, बसलो आणि तिच्याविषयी बोललो. भिंतीवरील तिच्या खुणा पुसायच्या का, असे मी विचारले. सगळ्या जणी एका आवाजात नको म्हणाल्या.

जेव्हा जाल तेव्हा उभी राहण्याची जागा बदलून घेतली तरी चालेल. पहिल्या दिवशी अर्धाच तास थांबा आणि मागे उचलत होता त्याच्या निम्मेच वजन उचला. दोन महिन्यांच्या खंडानंतर ते तसेच करावे लागते.